चिकटलेली डिस्क आणि तिच्या पोटातला हँडब्रेक

हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला तरी चढावर गाडी मागे सरकते. किंवा नेमकं उलट: हँडब्रेक सोडला तरी मागचं एक चाक जड फिरतं आणि पाच-सात किलोमीटर चाललं की त्या चाकापाशी जळका वास येतो. तक्रारी दोन, पण मागेही डिस्क ब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत दोन्हींचं मूळ एकाच जागी सापडतं, डिस्कच्या पोटात. तिथे पोचायचं तर डिस्क उतरवावी लागते. कंपनीच्या पुस्तिकेत या कामाला एक ओळ दिलेली असते. समुद्रकाठी सात-आठ पावसाळे काढलेल्या गाडीवर त्याच एका ओळीत आख्खी दुपार जाते.

आधी रचना पाहू. मागे साधे ड्रम असतील तर पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक दोघेही तेच शू वापरतात. मागे डिस्क असली की हँडब्रेकची सोय वेगळी करावी लागते. काही गाड्यांत डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनलाच आतून स्क्रू असतो आणि केबल तो स्क्रू फिरवते. नव्या गाड्यांत हेच काम बटण दाबल्यावर छोटी मोटर करते. तिसरी तऱ्हा आपल्या विषयाची. डिस्कच्या मधोमध जी खोल वाटी असते, तिच्या आतल्या गोल भिंतीचाच ड्रम म्हणून वापर करतात आणि त्या वाटीत दोन लहान शू बसवतात. पायाचा ब्रेक डिस्कला बाहेरून पॅडने धरतो, हँडब्रेक आतून शूने. २००६ साली जगात आलेल्या तिसऱ्या पिढीच्या होंडा सीआर-व्हीत हीच रचना आहे. जुन्या मर्सिडीजमध्ये, म्हणजे डाव्या पायाने दाबायच्या पार्किंग ब्रेकच्या गाड्यांत, आणि ई९० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बीएमडब्ल्यू ३ सीरिजमध्येही हीच. पुढचं वर्णन मुख्यतः सीआर-व्ही डोळ्यापुढे ठेवून केलं आहे, तत्त्व सगळीकडे तेच.

या चिमुकल्या शूकडून अपेक्षा मात्र थोडी नसते. आर१३-एच या आंतरराष्ट्रीय नियमानुसार मोटारीचा पार्किंग ब्रेक पूर्ण भरलेल्या गाडीला २० टक्के चढावर धरून ठेवू शकला पाहिजे. म्हणजे शंभर मीटरला वीस मीटर उंची, अंशांत सांगायचं तर सव्वाअकरा अंश. गाडी भरून १,६०० किलोची धरली तर अशा चढावर तिला खाली ओढणारं बल ३०० किलोच्या वजनाहून थोडं जास्तच भरतं. ते पेलण्याची युक्ती शूच्या मांडणीत आहे. दोन शू खालच्या किंवा वरच्या टोकाला एका दातेरी ॲडजस्टरने जोडलेले असतात. केबलने शू फाकवले आणि ड्रम किंचित फिरू लागला की तो पहिल्या शूला आपल्याबरोबर ओढतो, पहिला शू ॲडजस्टरमार्फत दुसऱ्याला रेटतो आणि दुसरा ड्रमवर आणखी घट्ट बसतो. गाडी जितकी घसरू पाहते तितकी पकड वाढते. हा गुण लक्षात ठेवा, डिस्क उतरवताना हाच गुण आडवा येतो.

आता गंमत अशी की हे शू झिजत जवळजवळ नाहीतच. गाडी उभी राहिल्यावरच ते ड्रमला टेकतात, मग घासणार कशाने? त्यांचा घात होतो तो न वापरण्याने. पायाच्या ब्रेकची डिस्क रोज घासली जाऊन चकचकीत राहते, आतला ड्रम वर्षानुवर्षं गंजत बसतो. पाणी शिरायला वाट आहे, निघायला नाही. मुंबईकराने गावच्या घरी उभी करून ठेवलेली गाडी, हँडब्रेक गच्च ओढलेला आणि वरून कोकणचा चार महिन्यांचा पाऊस, इतकं जुळून आलं की शूचा लायनर, म्हणजे ड्रमला टेकणारा त्याचा थर, गंजलेल्या ड्रमला अक्षरशः चिकटतो. गणपतीला आल्यावर मालक गाडी सुरू करतो, गिअर टाकतो, मागून एक ‘कडक’ आवाज येतो आणि गाडी निघते. तो आवाज बहुतेक वेळा लायनर शूच्या पत्र्यापासून उखडल्याचा असतो. सुटलेला तुकडा मग वाटीत आडवातिडवा अडकतो.

तेव्हा डिस्क निघत नसेल तर तिला धरून ठेवणारे दोघे असू शकतात. एक बाहेरचा: हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरता भाग) आणि डिस्क यांच्या मधला गंज. दुसरा आतला: फाकलेले शू. दोघांवरचे उपाय निरनिराळे आहेत, आणि गॅरेजमध्ये मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे कोणी धरलंय हे न तपासता घण उचलणं. शूने धरलेल्या डिस्कवर कितीही घाव घाला, शू सैल होत नाहीत. वाकतात, त्यांच्या खिळ्या उपटल्या जातात आणि शंभर रुपयांच्या स्प्रिंगच्या कामात हजारोंची बेअरिंग जाते.

तपासणीच्या आधी गाडी नीट उभी करू. या कामात हँडब्रेक सोडलेलाच असला पाहिजे, म्हणजे गाडी रोखायला तो नाही. जमीन सपाट हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके लावायचे. सीआर-व्हीत गिअर ‘पी’वर ठेवला की पुढची चाकं धरली जातात, त्यामुळे मागचा भाग उचलला तरी तेवढा आधार राहतो. पण ज्या बीएमडब्ल्यू-मर्सिडीजची मागची चाकं ओढतात, त्यांत ‘पी’ मागची चाकं धरतो. ती तर आपण हवेत उचलणार! अशा गाडीला फक्त गुटक्यांचा आधार उरतो, हे जॅक लावण्यापूर्वी ध्यानात यायला हवं. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, मग जॅक लावा, आणि जॅकवर विसंबून न राहता चेसिसखाली घोडी द्या. हातोडी चालणार आहे, नुसत्या जॅकवरची गाडी हातोडीच्या धक्क्यांनी घसरते.

चाक काढलं की कॅलिपर आणि त्यामागचा ब्रॅकेट काढायचा. ब्रॅकेटचे दोन बोल्ट चांगलेच घट्ट असतात, तिथे लांब दांड्याचा पाना लागतो. सुटलेला कॅलिपर रबरी होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून ठेवा. होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फाटतो आणि त्याचा हिशेब पुढे घाट उतरताना द्यावा लागतो.

आता डिस्क मोकळी दिसते. तिला हाताने फिरवून पाहा. सहज फिरली तर शूने धरलेलं नाही, मामला गंजाचा किंवा स्क्रूचा आहे. फिरतच नसेल किंवा घासत, अडखळत फिरत असेल तर शू ताणलेले आहेत (आणि फिरवू पाहाल तितकी त्यांची पकड वाढते) किंवा लायनरचा तुकडा अडकला आहे. मग डिस्क दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढा, हलवा. हबपासून दोन-चार मिलिमीटर सुटते आणि तिथेच अडून परत मागे जाते का? तसं असेल तर गंज सुटलाय आणि शू ड्रमच्या आतल्या काठाला अडकलेत. शू टेकतात तेवढा पट्टा कालांतराने थोडा खोल होतो, त्याच्या बाजूचा हा आतला काठ गंजून वर येतो आणि एक कड तयार होते. बरणीत हात घालून मूठ वळली की हात बाहेर निघत नाही, तसं हे. मूठ सोडायला लावायची, बरणी ओढायची नाही.

मूठ सोडवण्याची जागा म्हणजे ॲडजस्टरचं दातेरी चाक. त्यापर्यंत जायला काही गाड्यांत मागच्या पत्र्याच्या प्लेटला भोक असतं, काहींत डिस्कच्या तोंडावर. सीआर-व्हीत ते डिस्कवर आहे आणि त्याला रबरी बूच असतं. बूच काढायचं, डिस्क फिरवून भोक ॲडजस्टरसमोर आणायचं, टॉर्च मारून दाते दिसले की पातळ स्क्रू ड्रायव्हरने एकेक दात ढकलायचा. दिशा कोणती? डाव्या आणि उजव्या चाकाला ती बहुतेक उलट असते, म्हणून पाठ करण्यापेक्षा अनुभव घ्या. चार-पाच दात फिरवून डिस्क हलवून पाहा, आणखी जड झाली तर उलट फिरवा. डिस्क मुळीच फिरत नसेल आणि भोक भलतीकडे राहिलं असेल तर आधी केबलकडे वळा. गाडीखाली जाऊन मागच्या प्लेटवर केबलचं टोक पाहा. हँडब्रेक सोडूनही केबल परत गेली नसेल, म्हणजे नळीत गंजून अडकली असेल, तर ती केबिनजवळच्या समायोजन नटावर पूर्ण सैल करा आणि चाकाकडच्या टोकाला हातोडीने हलके टिचकावा. कित्येकदा एवढ्यानेच शू मिटतात. गाडी कधी काळी हँडब्रेक ओढून दामटलेली असेल तर लायनर करपलेला असतो, तेव्हा मात्र इतक्यावर भागत नाही.

आता गंजाची बाजू. सीआर-व्हीच्या डिस्कवर ६ मिलिमीटरचे दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतात. कारखान्यात गाडी जोडताना चाक लागेपर्यंत डिस्क जागेवर राहावी एवढंच त्यांचं काम. चाक बसल्यावर डिस्कला खरं दाबून धरतात ते चाकाचे पाच नट. पण हेच दोन क्षुद्र स्क्रू सगळ्यात जास्त रडवतात. त्यांच्या डोक्यावर फुलीची खाच असते आणि साध्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला की टोक वर सरकून खाच गुळगुळीत होते. एकदा ती गेली की गेली. म्हणून पहिला प्रयत्नच नीट करायचा. खाचेतला गंज टाचणीने कोरून काढा, ३ नंबरचं टोक घ्या (२ नंबरचं बसतं खरं, पण ढिलं बसतं) आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर वापरा. त्याच्या पाठीवर घाव घातला की टोक खाचेत रुततं आणि त्याच क्षणी थोडं फिरतं. घाव स्क्रूच्या आट्यांमधला गंजही फोडतो. तरी नाहीच निघाला तर स्क्रूचं डोकं ड्रिलने उडवा. डिस्क निघाल्यावर उरलेला दांडा चिमट्याने फिरवून काढता येतो. एखादा स्क्रू परत बसवता आला नाही म्हणून हळहळू नका, गाडी त्यावाचून चालते.

स्क्रू गेले, शू मिटले, तरी डिस्क जागची हलत नाही. का? हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर डिस्कचं भोक जेमतेम बसतं, मध्ये केसाइतकीही फट नसते. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं, गंजाच्या प्रकारानुसार दुपटीपासून सहा-सात पटींपर्यंत. एवढ्याशा फटीत तो फुगतो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. तिथे आधी तेल मुरलं पाहिजे. गंज सोडवणारा स्प्रे मधल्या गोलाच्या काठावर, प्रत्येक स्टडच्या मुळाशी आणि डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत मारा, पाच-दहा मिनिटं हलके ठोकत राहा म्हणजे कंपनाने तेल आत शिरतं, आणि मग सोडून द्या. रात्रभर मुरलेलं तेल मनगटाच्या जोराहून जास्त काम करतं. घाई असलेल्या माणसाने या कामाला हातच घालू नये. स्प्रे मारताना एक भान ठेवा: शू परत वापरायचे असतील तर तेल वाटीत ओघळता कामा नये. तेल प्यायलेला लायनर पुसून सुधारत नाही.

ती दोन आट्यांची भोकं शोभेची नाहीत. होंडाच्या डिस्कवर ती ८ मिलिमीटर व्यासाची, १.२५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांची असतात. त्यांत दोन बोल्ट घातले की त्यांची टोकं हबच्या तबकडीवर टेकतात आणि पुढे आवळत गेलं की डिस्क स्वतःला बाहेर ढकलते. एका बोल्टला २० न्यूटन-मीटरचा पीळ दिला तर, आट्यांमधलं घर्षण वजा जाता, साधारण सव्वा टनाचा रेटा मिळतो, म्हणजे दोघांचा मिळून अडीच टन. हातोडीने हे साधायला बराच घाम गाळावा लागेल. नियम एकच: आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा. एकच बोल्ट आवळत सुटलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी रुतते. आणि बोल्ट जड झाला की थांबा, डिस्कवर एक घाव घाला, पुन्हा पाव फेरा. बिडातले आटे जबरदस्ती सहन करत नाहीत. सुटताना डिस्क ‘फट्’ करून उडी मारते. पाच-सहा किलोचा ऐवज पायावर पडू नये म्हणून दोन स्टडवर चाकाचे नट तीन-चार फेरे लावून ठेवा.

अशी भोकं नसलेल्या डिस्कसाठी दुसरी युक्ती आहे. कॅलिपरचा ब्रॅकेट जिथे बसतो त्या कानातून लांब बोल्ट घाला, त्यावर नट चढवा आणि बोल्टचं टोक डिस्कच्या पाठीला टेकवून नट फिरवत डिस्क रेटा. थोडं रेटलं की डिस्क फिरवून दुसऱ्या जागी. अशी रेटलेली डिस्क पुन्हा वापरायची नाही हे धरून चला.

हातोडी वापरायचीच असेल तर कुठे, हे महत्त्वाचं. डिस्क बदलायची नसेल तर लाकूड मध्ये धरून वाटीच्या तोंडावर, दोन स्टडच्या मध्ये ठोका. पॅड घासतात त्या पृष्ठभागावर किंवा कडेला घाव नको, बिडाला तडा जातो. डिस्क भंगारातच जाणार असेल तर पाठीमागून कडेवर ठोकायला हरकत नाही, प्रत्येक घावानंतर ती थोडी फिरवा. चष्मा लावा, गंजाचे कपचे डोळ्यांत जातात. मागची बेअरिंग आणि एबीएसचा सेन्सर याच हबपाशी असतात आणि जोराचे घाव बेअरिंगच्या गोळ्यांचे ठसे तिच्या वाटेवर उमटवतात. दोन दिवसांनी चाक घूं घूं करू लागतं.

गॅसच्या ज्योतीचा मोह बऱ्याच मिस्त्रींना होतो. हिशेब त्यांच्या बाजूने आहे: सुमारे ६४ मिलिमीटरच्या भोकाचा बीड १५० अंशांनी तापवला तर भोक दशांश मिलिमीटरने मोठं होतं, आणि तेवढं पुरतं. पण बेअरिंगचं रबरी सील, सेन्सर आणि आदल्या रात्री मुरवलेलं तेल तिथेच आहे. शिवाय काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतो, तो ज्योतीत विषारी वायू सोडतो. माझ्या मते, घरच्या कामात ज्योत नकोच.

सगळं करून डिस्क फिरते, हबपासून सुटते, पण शू सोडत नाहीत, ॲडजस्टर गंजून ठार झालाय, अशी वेळ आली तर शेवटचा मार्ग मागून आहे. मागच्या प्लेटच्या पाठीवर दोन खिळ्यांची डोकी दिसतात. शूला प्लेटशी धरून ठेवणाऱ्या पिना त्या. त्यांची डोकी छिन्नीने उडवा, शू प्लेटपासून सुटतात आणि डिस्कबरोबरच बाहेर येतात. पिना आणि स्प्रिंगा यांचा संच सुटा मिळतो, स्वस्त असतो.

डिस्क निघाल्यावर वाटीतून काळी-तांबडी भुकटी सांडते. तिच्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तोंडाने तर नाहीच. जुन्या किंवा बिननावाच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याने कर्करोग होतो याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. ब्रेक क्लीनर किंवा पाण्याचा फवारा मारून भुकटी ओली करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

आतलं काम मग सरळ असतं. खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच बाजू खोला, दुसरी बाजू नमुन्याला राहते (आरशातली, हे विसरू नका). लायनर एक मिलिमीटरच्या आसपास उरला असेल, तडकला असेल किंवा कडेने उचलला असेल तर दोन्ही चाकांचे मिळून चारही शू बदला. ॲडजस्टर खोलून आटे वायर ब्रशने साफ करा, ग्रीसचा पुसट हात द्या. शू मागच्या प्लेटवर ज्या उंचवट्यांवर घासतात तिथे जास्त तापमान सोसणाऱ्या ग्रीसचा ठिपका पुरे. ड्रमच्या काठावरची गंजाची कड पॉलिश पेपरने किंवा कानशीने उतरवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच.

जुळवणीत क्रम पाळायचा. आधी केबल पूर्ण सैल. मग डिस्क बसवून दातेरी चाक इतकं फिरवायचं की डिस्क अडेल, आणि पुस्तिकेत सांगितलेले दात मागे घ्यायचे, म्हणजे ती मोकळी फिरेल. त्यानंतरच केबल ताणून हँडब्रेकच्या दांड्याचे ‘कट्’ मोजायचे. पुष्कळ ठिकाणी शूला हात न लावता नुसती केबल आवळून देतात. दांडा दोन कटांवर लागतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि शू कायमचे अर्धवट टेकून तापत राहतात. ही दुरुस्ती नव्हे. नव्या शूचा पृष्ठभाग ड्रमशी जुळायलाही वेळ द्यावा लागतो: मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, दांड्याचं बटण दाबून धरून हँडब्रेक हलका ओढत थोडं अंतर जायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा एकदा. सीआर-व्हीचे चाकाचे नट १०८ न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडून तेवढं करून घ्या.

काम स्वतः न करता गॅरेजमध्ये देणार असाल तर मिस्त्रीला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: नवी डिस्क चढवण्यापूर्वी हबची तबकडी वायर ब्रशने लख्ख करा आणि मधल्या गोलावर ग्रीसचा पातळ थर द्या. तबकडीवर गंजाचा एक कपचा राहिला तरी डिस्क डगमगत फिरते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की गाडी थरथरू लागते.